एका चुलीची दोनदा वर्गणी

आमच्या वाडीत रंगनाथअण्णा गर्जे यांना रामराम करायचा असेल, तर हाताशी भरपूर वेळ ठेवून करावा. तुम्ही नुसतं "काय अण्णा, बरंय ना?" म्हणता, आणि अण्णा म्हणतात, "बरंच असनार की! एका चुलीवरचं खातोय." मग ती चूल त्यांच्या आजोबांनी कशी मांडली, कुणाकुणाच्या नजरा तिला लागल्या, आणि तरी ती कशी फुटली नाही, हे सगळं ऐकावं लागतं. तोवर तुमची पाथर्डीची जीप भरून निघून गेलेली असते.

अण्णा अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे. टोपी मात्र अशी कडक, की पावसात छत्री नको. कुठलाही विषय काढा, ते तो चुलीवर आणून ठेवतात. वाडीत कुणाची बोअर आटली, तर "पानी एकीला टिकतं" म्हणणार. कुणाचा पोरगा परीक्षेत नापास झाला, तर "त्याच्या घरात दोन चुली हायत, पोराचं ध्यान कुठं राहनार?" म्हणणार.

त्यांची फुशारकी आम्ही ऐकून घेतो, कारण तिच्यात तथ्य आहे. आमच्याकडं पाऊस कमी आणि वाटण्या फार. बाप गेला की तेराव्यानंतर चुली वेगळ्या होतात. काही घरांत तर तेराव्याचीही वाट बघत नाहीत. एकेका वावराचे इतके तुकडे झालेत, की शेताला बांध आहे की बांधाला शेत आहे, ते तलाठ्यालाही सांगता येत नाही. अशा गावात अण्णा, त्यांची पत्नी चांगुणाबाई, थोरला कल्याण आणि त्याची बायको सविता, धाकटा आदिनाथ आणि त्याची बायको रुपाली, शिवाय पोरंटोरं, हे सगळे एकाच पातेल्यातलं कालवण खातात. कल्याण आणि सविता ऊसतोडीला गेले की सहा महिने त्यांची ताटं रिकामी असतात, पण चूल एकच.

या चुलीला आमच्याकडं मान आहे. चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा होतो. पहिल्या कुस्तीचा नारळ वाडीतल्या सगळ्यात मोठ्या एकत्र घराच्या कारभाऱ्यानं फोडायचा, असा जुना रिवाज आहे. सगळ्या पैलवानांसमोर, भोंग्यावर नाव पुकारलं जाऊन. अण्णांच्या वर्षाचे बाकीचे दिवस त्या नारळाच्या आधीचे आणि नंतरचे, एवढ्यापुरतेच असतात.

आणि घर एकत्र आहे की नाही, हे ठरवायचं कसं? तर वर्गणीवरून. यात्रेची वर्गणी चुलीमागे असते. एक चूल, एक वर्गणी. दोन भावांनी वेगवेगळी वर्गणी दिली, म्हणजे ते वेगळे झाले. मग त्याला तहसीलदाराचा शिक्का लागत नाही.

ही वर्गणी इतकी वर्षं श्रीमंतनाना गोळा करायचे. नाना यात्रा कमिटीचे अध्यक्ष. दारात उभं राहून ते "भैरवनाथ महाराज की" एवढंच म्हणायचे. घरातून "जय" यायचं, पैसे यायचे नाहीत. पैशांऐवजी चहा यायचा. एका वर्गणीला तीन फेऱ्या आणि तीन चहा, असा साधारण हिशेब बसायचा. निम्म्या घरांना तर कुलपंच असत, कारण माणसं कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर. नाना त्यांना फोन लावायचे. पलीकडून कोयत्याचा आवाज यायचा आणि "नाना, आलो की देतो" असं कुणीतरी ओरडायचं. येऊन द्यायचेही बिचारे, पण तोवर यात्रा होऊन जायची आणि यंदाची वर्गणी पुढच्या वर्षात मोजली जायची.

यावर तोडगा काढला गोरक्षनाथानं. वाडीतलं दाखल्यांचं आणि झेरॉक्सचं केंद्र त्याचं. दसऱ्याला, माणसं ऊसतोडीला निघायच्या आधी, त्यानं देवळात सभा घेतली. वर्षाची वर्गणी बारा ठिकाणी तोडायची, आणि महिन्याच्या एक तारखेला बँकेनंच खात्यातून कापून कमिटीला द्यायची. एकदा मोबाईलवर 'हो' म्हणायचं, की मग विसरा.

"म्हंजे मी कुनाच्या दारात जायचं न्हाई?" नानांनी विचारलं.

"न्हाई नाना. आता बँक जाईल."

"तिला चहा कोन देनार?"

नानांचं दुःख सभेनं समजून घेतलं नाही. ऊसतोडीच्या माणसांना मात्र योजना फार आवडली. उसाच्या फडात असलो तरी गावाच्या देवाला वेळेवर पोचतं, याचं त्यांना खरंच समाधान होतं. पहिल्याच महिन्यात कमिटीकडं असे पैसे जमले, की मंडपवाल्याला विसार आगाऊ मिळाला. तो घाबरून दोनदा खात्री करायला आला.

तसा या पद्धतीचा मला अनुभव होताच. दोन वर्षांपूर्वी मी मोबाईलवर घरबसल्या योगासनं शिकवणारी एक सेवा घेतली. पहिला महिना फुकट होता. मी चार दिवस आसनं केली आणि मग विसरलो. बँक विसरली नाही. दर महिन्याला पैसे जातात. माझं वजन आहे तिथंच आहे, खातं मात्र सडपातळ झालंय.

वाडीतही दोन-चार महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. कुणाच्या खात्यात एक तारखेला पैसे नसायचे, मग वर्गणीपेक्षा बँकेचा दंड मोठा व्हायचा. काहींचं म्हणणं, पैसे दर महिन्याला जातात तर हगामा वर्षातून एकदाच का? रिचार्ज मारला की महिनाभर टीव्ही दिसतो, मग महिन्याला निदान चार कुस्त्या तरी दिसाव्यात! पण सगळ्यात मोठी तक्रार मानाची होती. पूर्वी वर्गणी दिली की भोंग्यावर नाव यायचं. आता पैसे गुपचूप जातात. दिले कुणी, कुणाला कळणार? म्हणून नानांनी ठरवलं, की दर एक तारखेला संध्याकाळी आरतीनंतर पैसे आलेल्यांची नावं भोंग्यावर वाचायची. चहा गेला, निदान माईक तरी हातात राहिला.

आणि मार्चच्या एक तारखेला तो प्रकार झाला.

अण्णा ओट्यावर बसले होते. भोंग्यावर नानांचा आवाज घुमत होता. "रंगनाथ बाबूराव गर्जे, एक चूल." अण्णांनी टोपी सारखी केली. आणखी चार नावं झाली. मग नाना अडखळले, खाकरले आणि म्हणाले, "सौभाग्यवती रुपाली आदिनाथ गर्जे... एक चूल."

जेवायला बसलेली अर्धी वाडी ताटावरून उठून बाहेर आली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक समाचाराला यायला लागले. "अण्णा, झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका." "कल्याणला कळवलं का फडात?" एकजण तर म्हणाला, "धाकट्याची चूल कोनत्या खोलीत मांडली? पूर्वेला तोंड ठिवा, लाभती." अण्णा सगळ्यांना सांगत होते, "आरं, काय बी झालेलं न्हाई! रात्री समद्यांनी एकत्र पिठलं खाल्लंय!" पण पिठलं कुणी खाल्लं ते कुणी बघितलं होतं? भोंगा सगळ्यांनी ऐकला होता.

कडूबाईनं तर खास येऊन चौकशी केली. कडूबाईचं घर वाडीतलं दुसऱ्या नंबरचं एकत्र घर. नारळाला कित्येक वर्षं हुकलेलं.

"चांगुने, तू रडू नको गं," कडूबाई म्हणाली.

"मी कुठं रडतेय? कांदा चिरतेय."

"आसंच म्हनतेत सुरवातीला."

आता प्रश्न असा, की सुनेला विचारायचं कसं? आमच्याकडं सासरा सुनेशी थेट बोलत नाही. घरात तिसरं कुणी नसलं, तर अण्णा म्हशीशी बोलतात. रुपाली दूध काढायला आली तसे ते गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि म्हशीला म्हणाले, "एका घरातून दोन वर्गन्या का गेल्या म्हनावं?"

म्हैस रवंथ करत होती. रुपाली म्हणाली, "मामा, गोरक्षभावजींचा निरोप आलता मोबाईलच्या गटावर, 'प्रत्येकानं चालू करावं.' माझं शिलाईचं खातं हाय. म्या चालू केलं."

"चुकून झालं आसंल," अण्णा म्हशीला म्हणाले. "बंद करून टाकावं. दोन बटनं तर दाबायचीत."

रुपालीनं चरवी पायांत नीट धरली. मग म्हणाली, "चुकून न्हाई झालं. सात वर्षं झाली या वाडीत येऊन. आदिनाथची बायको, कल्यानची भावजय, गर्ज्यांची धाकटी. परवा भोंग्यावर माझं नाव आलं, तर घडीभर मला कळंनाच कोन रुपाली ते. वेगळं न्हाई राहायचं मला. पर बंद बी न्हाई करायचं."

अण्णांनी म्हशीपुढं वैरण टाकली. म्हैस खायला लागली, तसा त्यांचा दुभाषाही गेला.

मग अण्णा गोरक्षनाथाकडं गेले.

"गोरक्षा, ते तिचं बंद कर."

"अण्णा, मला फक्त चालू करायचं शिकवलंय. बंद करायचं शिकवलंच न्हाई."

"आरं, आसं कसं?"

"कंपनीचा मानूस आलता ट्रेनिंगला. चालू करायचं दोन तास शिकवलं. बंद करायचं म्हनलं, तर म्हनला, 'तशी वेळच येत नाही.'"

अण्णा जीपनं पाथर्डीला बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, खातं कुणाचं? सुनेचं. मग सुनेला आणा. सून येत न्हाई. मग तुम्ही कशाला आलात? अण्णांनी साहेबांना एका चुलीची सगळी हकिगत सांगितली. मागं रांग लागली होती. साहेबांनी ती शांतपणे ऐकली आणि अण्णांना विमा काढता का म्हणून विचारलं.

आदिनाथचाही काही उपयोग नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, "अण्णा, तिला सांगायचं आसंल तर तुमीच सांगा, मला रात्री त्याच घरात जेवायचंय."

एप्रिलची एक तारीख आली. भोंग्यावर पुन्हा "सौभाग्यवती रुपाली" झाली. आणि त्याच रात्री देवळात कडूबाईनं कमिटीसमोर जाहीर विचारलं, "दोन वर्गन्या म्हंजे दोन चुली. मंग यंदा नारळ कुनाचा?"

नाना पेचात पडले. अण्णा त्यांचे लंगोटीयार, पण रिवाज म्हणजे रिवाज. शेवटी असं ठरलं, की कमिटीनं अण्णांच्या घरी जाऊन चुली मोजायच्या. एकच निघाली तर नारळ अण्णांचा, दुसरी सापडली तर कडूबाईच्या घराचा. पाहणीला नाना, गोरक्षनाथ, फिर्यादी म्हणून कडूबाई, आणि वाडीचाच, पण नगरला राहून यात्रेपुरता आलेला, म्हणून तिऱ्हाईत धरलेला मी.

अण्णांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मुंजीतल्या बटूसारखं तेज होतं. "बघा, खुशाल बघा! भिंती उकरून बघा!"

स्वयंपाकघरात एक चूल निघाली. शेजारी गॅस होता. त्यावर थोडा वाद झाला, पण गॅस ही चुलीची धाकटी बहीण, ती एकाच घरात नांदते, असा निकाल नानांनी दिला. कडूबाईनं पातेल्यांची झाकणं उचलून आत वाकून बघितलं आणि जाता जाता आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. मग आम्ही आदिनाथच्या खोलीत गेलो. शिलाई मशीन, चिंध्या, अर्धवट शिवलेलं पोलकं आणि एक इस्त्री.

"ही कशाला?" कडूबाईनं इस्त्रीला बोट लावलं.

"कपड्याला," रुपाली म्हणाली.

"हिच्यावर भाकरी भाजती का काय, कुनाला ठावं?"

"कडूकाकू, भाजून बघा. भाजली तर मला बी शिकवा."

सगळे हसले. नाना म्हणाले, "झालं, एकच चूल!" अण्णांनी मिशीवर हात फिरवला. आम्ही निघालो, पण कडूबाई हटेना. "तिकडं हिरीवर मोटारीची खोली हाय, ती ऱ्हायली."

"तिथं काय हाय? मोटार हाय!" अण्णा एकदम म्हणाले. इतक्या घाईनं, की नानांनी वळून बघितलं. "तिथं शॉक बसतो. जाऊ नका."

हे ऐकून कडूबाई आमच्या पुढं धावली.

मोटारीच्या खोलीत स्टार्टरशेजारी दोन विटांवर एक विजेची शेगडी होती. तिच्यावर काळंभोर छोटं पातेलं. वर फळीवर चहापत्तीचा पुडा, कपबशी आणि साखरेचा मोठा डबा. पातेलं अजून कोमट होतं.

"ही बघा दुसरी चूल!" कडूबाई अशी ओरडली, की विहिरीतलं कबुतर उडालं. "मी म्हनलं न्हवतं? वेगळं करून खातीय धाकटी!"

सगळ्यांनी रुपालीकडं बघितलं. ती खाली मान घालून उभी होती. चांगुणाबाईंनी विचारलं, "रुपे, हे तुजं हाय का गं?"

रुपालीनं एकदा, अगदी चोरून, अण्णांकडं बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. या खोलीवरूनच ती रोज गवत आणायला जाते. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं नाव घेतलं नाही, एवढंच.

अण्णांना गप्प बसणं सोपं होतं. नारळ तर हातचा गेलाच होता. पण गप्प बसले असते, तर घर फोडल्याचा बट्टा सुनेच्या नावावर कायमचा बसला असता, आणि बोलले असते तर... अण्णांनी ती कडक टोपी काढली. मी त्यांना उघड्या डोक्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. डोकं चांगलंच चकचकीत होतं.

"माजी हाय ती," ते म्हणाले.

"तुमची?" चांगुणाबाई. "तुमी चूल पेटवता? तुमाला तर काडी पेटवायची म्हनलं तरी मानूस लागतं!"

"चहापुरती."

"आन् साखर?"

अण्णा विटांकडं बघायला लागले. तेव्हा आम्हाला चांगुणाबाईंकडून कळलं, की डॉक्टरनं त्यांची साखर बंद करून दोन वर्षं झाली होती.

चांगुणाबाईंनी डबा उचलून हलवून बघितला. मग त्या फार हळू आवाजात बोलल्या, आणि आमच्या वाडीत बाई हळू बोलली की समजावं, काही खरं नाही. "आवं, तुमाला एकट्याला फिका चहा कसा द्यायचा म्हनून दोन वर्षं मी बी बिनसाखरेचाच पिती. तोंडाची चव गेली माज्या. आन् तुमी हितं मोटारीच्या खोलीत गोड करून पिता व्हय?"

यावर नानासुद्धा टोपी काढणार होते, पण त्यांनी घातली नव्हती.

"नाना," अण्णा म्हणाले, "चूल फुटली ती माज्यामुळं. पोरीचा दोष न्हाई. तिची वर्गनी चुलीची न्हाई, तिच्या नावाची हाय. नारळ कडूबाईला द्या."

आता पंचाईत नानांची झाली. त्यांनी पातेलं उचलून त्याचा वास घेतला आणि म्हणाले, "हगाम्याच्या रिवाजात भाकरी येती, कालवन येतं. चहा येत न्हाई. चहा ज्या शेगडीवर व्हतो ती चूल न्हवं. तसं आसतं, तर मी वर्गनीच्या पायी वाडीतल्या समद्या चुलींवर जेवलो आसं धरावं लागलं आसतं. चूल एकच."

"हे बरं हाय!" कडूबाई भडकली. "तुमी दोघं एका माळेचे मनी!"

"कडूबाई, पुढच्या साली तुमच्या घरची मोटारीची खोली बी बघू," नाना म्हणाले. कडूबाई लगेच आमटीच्या मिठाचा विषय काढून घराकडं वळली. तिच्याकडं काय आहे, ते आम्ही अजून बघितलेलं नाही.

अण्णांना मात्र दंड झाला. तो कमिटीनं नाही, चांगुणाबाईंनी केला. शेगडी जप्त, डबा जप्त. आणि त्यांनी गोरक्षनाथाला तिथंच, विहिरीवरच विचारलं, "ह्यांच्या खात्यातनं माज्या बी नावानं कापता येतं का रे, रुपीसारखं? दर महिन्याला?"

"येतं की काकू."

"मग काप. आन् बंद करायचं कुनाला शिकवू नको."

गोरक्षनाथ म्हणाला, ते तर त्यालाही येत नाही. अण्णांनी निमूटपणे मोबाईल पुढं केला आणि पिन घातला. असे पैसे आपोआप जातात, याचा तोटा त्यांना एका दमात कळला. फायदाही कळला असावा, कारण त्या संध्याकाळी त्यांच्या हातात जो चहा आला तो फिका होता, पण आला होता.

हगाम्याच्या दिवशी मैदान खच्चून भरलं होतं. यंदा कारखाने लवकर बंद झाल्यानं ऊसतोडीची माणसं परतली होती, कल्याण आणि सविताही आले होते. पहिली जोडी लाल मातीत उभी राहिली, अंगाला माती लावून झाली. अण्णा कडक टोपी घालून, नारळ हातात घेऊन मध्ये आले. नानांनी माईक धरला आणि सवयीनं म्हणाले, "पहिल्या कुस्तीचा नारळ, रंगनाथ बाबूराव गर्जे यांच्या हस्ते..."

"नाना," अण्णांनी मध्येच अडवलं, "बँकेत हायत तशी समदी नावं घ्या."

नानांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला. "रंगनाथ बाबूराव गर्जे. सौभाग्यवती चांगुणा रंगनाथ गर्जे. सौभाग्यवती रुपाली आदिनाथ गर्जे. चूल एक." बायकांच्या बाजूनं अशी शिट्टी आली, की पैलवान दचकले. कुणी वाजवली ते कळलं नाही. रुपाली पदरात तोंड घालून हसत होती.

"आन् माजं?" सवितानं तिकडूनच आवाज दिला. ती कालच कारखान्यावरून आली होती आणि वाडीत काय झालं ते तिला रात्रभरात सगळं कळलं होतं.

"थोरलीचं ऱ्हायलंय नाना, ते बी घ्या," अण्णा म्हणाले.

"आवो, तिचं नाव बँकेत कुठं हाय?"

"येतंय. गोरक्षा, मोबाईल घे बरं तिचा."

गोरक्षनाथ कुंपण ओलांडून बायकांच्या बाजूला गेला. नेटवर्क येईना. सविता पिन आठवायला लागली. मैदानातला एक पैलवान कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, नारळ फोडा की आता. आमचं अंग गार पडाया लागलंय."

"दम धर रे," अण्णा म्हणाले. "चूल एकच हाय, पर मानसं लई हायत."